मदत हवी आहे: आई डावी की उजवी? आणि काका?

मी सोलापूरची, स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. 'डावी विचारसरणी', 'उजवी विचारसरणी' यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण घरातल्याच माणसांना लावायला गेले की सगळा घोळ होतो.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्याशिवाय उठत नाही. युनियनचा मोर्चा असला की लाल बावटा घेऊन पुढे. म्हणजे डावी ना? पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला तीच सगळ्यांच्या आधी तयार. आणि ताईनं जातीबाहेरच्या लग्नाचा विषय काढला तेव्हा आठ दिवस घरात अबोला.

काकांचे सहा यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतात. "सरकारनं धंद्यात नाक खुपसू नये" हे रोजचं पालुपद. पण वीज बिलात सवलत सरकारनंच द्यायची, बाहेरच्या मालावर करही सरकारनंच लावायचा!

क्लासच्या सरांनी फळ्यावर एक रेघ मारली, "इकडे समता, तिकडे परंपरा" म्हणाले आणि पुढच्या टॉपिकवर गेले. कोणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १

ती रेघ मुळात बाकांची आहे. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यायचा का, यावर वाद पेटला. राजाचा अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, तो कमी करू पाहणारे डाव्या हाताला. प्रश्न एकच होता, म्हणून दोन बाजूंत भागलं. तू आईला एकदम चार प्रश्न विचारतेयस.

प्रतिसाद २

मी दोन रेघा मारतो. आडवी पैशाची: मालकी, कर, मजुरी यात सरकारनं किती पडायचं. उभी समाजाची: जात, धर्म, बाईचं स्थान आहे तसं ठेवायचं की बदलायचं. तुझी आई आडव्या रेघेवर डावीकडे, उभ्या रेघेवर परंपरेकडे. यात विसंगत काही नाही, गावात निम्मी माणसं अशीच सापडतील.

उलटं उदाहरण शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं. शेतमालाचा बाजार खुला करा म्हणायचे, म्हणजे अर्थकारणात उजवे. पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन त्यांच्याच संघटनेनं भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली.

काकांचं म्हणशील तर ती विचारसरणी नाही, धंद्याचं गणित आहे. त्यांना रेघेवर बसवूच नकोस.

पक्षांच्या पाट्यांवरही जाऊ नकोस. भाजपनं १९८० मध्ये स्थापनेनंतर 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता. संघ परिवारातला भारतीय मजदूर संघ सरकारी कंपन्या विकायला विरोध करतो. आणि आपल्या कुंभारीत बघ की! कम्युनिस्ट आडम मास्तरांनी उभ्या केलेल्या रे नगर या कामगार वसाहतीतली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये कोणाच्या हस्ते दिली? मोदींच्या.

प्रतिसाद ३

दोन रेघांचं ठीक, पण बाबासाहेबांना कुठे बसवणार? १९३८ मध्ये संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत कम्युनिस्टांच्या बरोबरीनं संप केला, १९४७ च्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची मागितली, आणि हिंसा अन् हुकूमशाहीचा मार्ग मात्र साफ नाकारला. जात हा 'समाजाच्या रेघे'वरचा एक ठिपका नाही, मजुरीपर्यंत पोचते ती. आणि आपल्याच जिल्ह्यातलं सांगोला घ्या. शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष, डावा) गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले. त्यांना मत देणाऱ्या किती जणांनी मार्क्स उघडला असेल?

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे आभार, दोन रेघांनी बरंच सुटलं. काकांना विचारायचं धाडस अजून झालं नाही. आईला मात्र काल रात्री विचारलं, "विडी कारखाना सरकारच्या मालकीचा झाला तर बरं होईल का गं?"

मान वर न करता म्हणाली, "सरकार छाट काढायचं बंद करणार हाय का, ते आधी विचार की."

(छाट म्हणजे मोजताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांचे पैसे मिळत नाहीत. कालच्या हजारात तिच्या चाळीस गेल्या.)

हे कुठल्या रेघेवर लिहू?