परमिट एका राज्याचं, प्रवास तीन राज्यांचा

पिस्तूल बाळगण्याचं पेन्सिल्व्हेनियाचं परमिट असताना व्हरमाँटला जाताना पिस्तूल कमरेला लावून न्यू जर्सी, न्यूयॉर्क ओलांडता येईल का, असा प्रश्न आहे. कृपया असं करू नका. ही दोन्ही राज्यं दुसऱ्या राज्याचं परमिट मानत नाहीत. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला ५ ते १० वर्षांची कैद आहे.

राज्यं ओलांडून शस्त्र नेणाऱ्याला १९८६च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण निघतो तिथे आणि पोहोचतो तिथे, दोन्हीकडे शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल तरच. पिस्तुलातून गोळ्या काढलेल्या, पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही डिकीत. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी हवी, ग्लोव्ह बॉक्स चालत नाही.

मुक्काम तर टाळाच. २००५ साली एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं. शस्त्राची बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर अटक झाली. बॅग हाताशी होती म्हणून हे संरक्षण लागू नाही, असं अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. चूक विमानाची, भोगलं त्याने!

आणि आपल्यातल्या एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वाल्यांनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मित्राची असली तरी.