बी-४०३ मध्ये कुत्रं येतंय म्हणे

शनिवार

[७:१२] काकू ए-१०२: सुप्रभात. बी-४०३ मध्ये हस्की येतंय असं काल गच्चीवर बिबडे टाकताना ऐकलं. खरं आहे का? मार्च लागलाय. सी-३०१ चं सगळे विसरले का?

[७:१५] छोटू सी-३०३: हस्की 😍😍

[७:१६] काकू ए-१०२: छोटू, यात आनंदासारखं काही नाही.

[७:२१] अप्पा ए-३०१: कुत्र्याला विरोध नाही. पण लिफ्टचा विषय आधी घ्या. चार माणसांची लिफ्ट आहे.

[७:२४] नाना सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. ग्रुपवर वाद नको ही विनंती. तसेच ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी आजच भरावा. मागच्या महिन्याचेही तिघांचे बाकी आहेत, नावं घेत नाही.

[७:३३] दादा बी-४०३: काकू, नमस्कार. अजून काहीच ठरलेलं नाही. आम्ही दोघं नुसतं बघतोय. घर वन बीएचके, त्यात मी रोज पहाटे मेहरूण तलावाच्या बाजूला आठ-दहा किलोमीटर पळतो, ही रविवारी सायकलवर असते. सोबत पळणारं कुत्रं हवं आणि घरात मावणारंही हवं. हस्कीला पळायला फार आवडतं असं वाचलं, म्हणून ते डोक्यात होतं.

[७:३५] काकू ए-१०२: तुम्ही वाचलं. आम्ही पाहिलंय.

[७:३८] आबा ए-२०४: लॅब ल्या भो लॅब. मना साडूकडे शे. काही तरास नही.

[७:४०] ताई बी-२०२: माझी एकच विनंती. मी नाईट ड्युटी करून सकाळी आठला झोपते. माझ्या वरतीच दोन मजल्यांवर तुमचं घर आहे. भुंकणारं आणू नका.

[७:४१] अप्पा ए-३०१: लिफ्टचा विषय राहिला.

[७:४४] छोटू सी-३०३: बॉर्डर कॉली घ्या दादा, जगातलं सगळ्यात हुशार कुत्रं. काकू, कुरडयांचा चीक उरलाय का? 🙏

[७:४६] काकू ए-१०२: डबा घेऊन ये. गूळ संपलाय, तेल-मीठ घालून खा. आणि गच्चीच्या दाराला कडी लावत जा, कबुतरांनी दोन पाट बिबडे खराब केलेत.

[७:४७] वहिनी ए-४०१: कडी आम्ही लावतो. रात्री कोण उघडी ठेवतं ते सगळ्यांना माहीत आहे.

[७:४८] नाना सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे.

[८:१०] बापू सी-१०१: आत्ता फिरून आलो. सगळं वाचलं. दादा, रागावू नका, पण तुम्ही प्रश्न उलट्या टोकानं धरलाय. घर लहान की मोठं याचं कुत्र्याला फार नसतं. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ ते झोपतं आणि त्याला घोंगडीएवढी जागा पुरते. त्याला दोनच गोष्टी लागतात. एक, रोज बाहेर नेणारं माणूस. दुसरी, बाहेरची हवा त्याच्या अंगाला सोसणारी हवी. पळणं तुमच्याकडे आहे. हवा आपल्याकडे नाही. मे महिन्यात इथं जळगावात पारा ४५ च्या वर जातो. हस्की सायबेरियातलं, बर्फावर गाडी ओढणारं जनावर. अंगावर केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापेवर. मी ३४ वर्षं पशुसंवर्धनात काढली, साक्री, यावल, रावेर. उन्हात तापलेली जनावरं हातात जाताना पाहिलीत.

[८:१२] दादा बी-४०३: बापू, एसी आहे ना. आणि उन्हाळ्यात केस बारीक करून घेतले तर?

[८:१५] बापू सी-१०१: एसी लाईटवर चालतो. आणि दोन थरांचा कोट भादरला की अंग उलट ऊन धरतं, केस पुन्हा नीट येतीलच असंही नाही. पहाटे पळाल, कबूल. पण संध्याकाळी सातला शू करायला खाली न्यावंच लागेल. तेव्हा आपल्या गेटसमोरच्या डांबराला हाताची मागची बाजू लावून सात अंक मोजा. हात ठेववला नाही तर त्याचे पंजेही भाजतात.

[८:१७] आबा ए-२०४: म्हनूनच सांगस, लॅब ल्या. साडूकडे शे.

[८:१९] वहिनी बी-४०३: बापू, मग पग कसं? लहान, शांत, घरातलं.

[८:२३] बापू सी-१०१: पोरी, पगचं नाक बघ. चपटं. श्वासाची वाट आधीच अरुंद, आणि अंग थंड करायचं ते त्याच श्वासानं. तुमच्या सोबत एक किलोमीटर पळालं तरी घरघर लागेल. लहान घराला लहान कुत्रं, हे दुकानदाराचं गणित आहे. बीगल अंगानं लहान, दहा-अकरा किलो, पण वासावर शिकार काढणारी जात. नाक खाली गेलं की हाक ऐकत नाही, आणि एकटं राहिलं की गळा काढतं. ताईंची झोप गेलीच समजा.

[८:२४] ताई बी-२०२: बीगल नको. 🙏🙏

[८:२८] बापू सी-१०१: छोटू, बॉर्डर कॉली हुशार आहे हे खरंच. पण ती मेंढ्या वळायला घडवलेली जात. मेंढ्या नसल्या की ती सायकली वळते, पोरांच्या टाचांमागे लागते. नुसतं पळून तिचं भागत नाही, रोज डोक्याला काम लागतं. दोघं नोकरीला गेल्यावर ते कोण देणार? आणि आबा, लॅब चांगलंच आहे, पण ३० किलोचं होतं, वर्षभर केस गाळतं, आणि समोर येईल ते खातं. साडूंचं मळ्यात आहे ना?

[८:३०] आबा ए-२०४: मळामाच शे. केळीना बागमा पडेल ऱ्हास दिवसभर, पाटना पानीमा.

[८:३१] बापू सी-१०१: झालं तर. पाटाचं पाणी आणि केळीची सावली बी-४०३ मध्ये कुठून आणायची?

[८:३३] अप्पा ए-३०१: लिफ्टचा विषय कोणीच घेत नाही. लेखी ठराव करा. कुत्री लिफ्टमध्ये बंद.

[८:४१] नाना सेक्रेटरी: अप्पासाहेब, तसा ठराव करता येत नाही. पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक माझ्या फाईलला आहे. सोसायटीनं बहुमतानंही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू नये आणि लिफ्ट नाकारू नये असं त्यात स्पष्ट आहे. जिना वापरा अशी विनंती करता येते. घाण झाली तर उचलण्याची जबाबदारी मालकाची, हे मात्र मी स्वतः बघेन.

[८:४३] अप्पा ए-३०१: म्हणजे माणसांना काही हक्कच नाहीत. ठीक आहे.

[८:४४] वहिनी ए-४०१: लिफ्ट तीन महिने बंद होती तेव्हा सासूबाईंना मी धरून चढवत होते. तेव्हा नाही कोणी ठराव केला.

[८:४५] दादा बी-४०३: अप्पा, लिफ्टमध्ये कोणी असेल तर आम्ही थांबू. शब्द देतो.

[८:४६] अप्पा ए-३०१: शब्द सी-३०१ वाल्यांनीही दिला होता.

[८:४७] वहिनी ए-४०१: आणि आबांची बोलेरो आजही बी-विंगच्या जागेत आहे. ते कोणाला दिसत नाही.

[८:४८] आबा ए-२०४: काढस, काढस. पानी भरी ऱ्हायनू.

[८:४९] नाना सेक्रेटरी: विषयाला धरून बोलावे!!

[९:०५] काकू ए-१०२: मी एकदाच बोलते, मग नाही बोलणार. सी-३०१ ची हस्की, बर्फी. दोन वर्षं झाली. मे महिना, रात्री अकराला लाईट गेली. तिची माणसं लग्नाला गेलेली, पोरगा एकटा घरी. तो तिला ओढत खाली घेऊन आला, लॉबीतल्या फरशीवर. जीभ अशी जांभळी झालेली. मी फ्रीजमधला सगळा बर्फ आणला. माझी सुती साडी भिजवून तिच्या अंगावर पांघरली. बापू आले आणि म्हणाले, आधी साडी काढा. मी तिला थंड करत होते, आणि मीच तिला कोंडलं. चौथ्या दिवशी ती गेली. लोक म्हणतात काकूला कुत्री आवडत नाहीत. मला ती रात्र परत नको आहे, एवढंच.

[९:०६] छोटू सी-३०३: काकू 😔 सॉरी

[९:१४] बापू सी-१०१: काकू, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमची चूक नव्हती. ओला कपडा वर पांघरला की वाफ आत कोंडते म्हणून मी काढायला लावला. पण त्याच साडीनं आपण तिचं पोट, काखा, पंजे ओले करत राहिलो, आणि तुमच्या कुलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं पोरगा वारा घालत होता. माझ्या थर्मामीटरवर १०७ होतं. कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२ असतं. दीड तासात १०३ वर आणलं. त्या रात्री ती वाचली ती तुमच्यामुळे. मूत्रपिंडं मात्र आधीच गेली होती. चूक झाली ती ते पिल्लू जळगावात आणलं तेव्हाच. विकणाऱ्यानं एका शब्दानं सांगितलं नाही की ही जात इथली नाही.

[९:१६] ताई बी-२०२: काकू, मी त्या रात्री ड्युटीवर होते. मला हे आजच कळतंय.

[९:२२] दादा बी-४०३: काकू, आम्ही इथं नंतर राहायला आलो, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. हस्की येणार नाही. आत्ताच सांगतो.

[९:२३] आबा ए-२०४: मग लॅब.

[९:२४] वहिनी ए-४०१: आबा!!

[९:३६] बापू सी-१०१: दादा, तुम्हाला पळणारंच हवं तर कारवान बघा. कर्नाटकात मुधोळचं म्हणून त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास सांभाळली, २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. मी साक्रीला असताना एका ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर तसलं एक होतं. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. लोक म्हणायचे उपाशी ठेवलंय. तसं नाही, त्याची घडणच ती. केस आखूड, आपलं ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसलेलं. सकाळी सशामागे असं सुटायचं की धुरळाच दिसायचा, आणि दुपारी म्हातारीच्या खाटेखाली मुटकुळं करून संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही. वन बीएचकेत ते राहील. भुंकणंही कमी.

[९:३८] बापू सी-१०१: पण मोकळं कधीच सोडायचं नाही. डोळ्यासमोर काही हललं की ते गेलं, मग तुमची हाक कामाची नाही. सी-विंगची मांजर, गेटवरची खार, सगळं आलं. आणि परक्या माणसाला ते लवकर जवळ करत नाही, लहानपणापासून सगळ्यांच्या अंगवळणी पाडावं लागतं.

[९:४१] वहिनी बी-४०३: आणि गावठी, बापू? तुमच्या वाघ्यासारखं?

[९:५०] बापू सी-१०१: माझं मन विचाराल तर तेच. वाघ्या सहा वर्षांचा झाला. लसी सोडल्या तर दवाखान्याची पायरी दोनदा चढलो. हे कोणी जोड्या लावून घडवलेलं कुत्रं नाही, इथल्या उन्हात जे टिकलं त्याची ही अवलाद. बारीक केस, मध्यम अंग, तरतरीत. फक्त पिल्लू पुढं कसं निघेल हे कोणी लिहून देत नाही. काही भुंकरी असतात, हे ताईंना आधीच सांगून ठेवतो. कुठलंही घ्या, दीड महिन्याच्या पुढे पार्वो या रोगाची लस सुरू, तीन महिन्यांना रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तसा डोस दरवर्षी. आणि वाढ पुरी होईपर्यंत, वर्ष-सव्वा वर्ष, दहा किलोमीटर पळवायचं नाही. सांधे कायमचे बिघडू शकतात. हे पळणारे लोक विसरतात.

[९:५२] छोटू सी-३०३: बापू, आमच्या उरलेल्या भरिताची पोळी वाघ्याला चालते का? रोज मागतो.

[९:५३] बापू सी-१०१: अजिबात नाही! कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तूच देतोस होय? चॉकलेट, द्राक्षं, मनुकाही नाही. केळ्याचा तुकडा दे.

[९:५४] छोटू सी-३०३: आजपासून बंद. 🙏

[९:५८] दादा बी-४०३: बापू, पाटणादेवीला नेता येईल का सोबत?

[१०:००] बापू सी-१०१: नाही. ते अभयारण्य आहे, तिथं कुत्रं न्यायचं नाही. यावल अभयारण्यातल्या पाल गावाकडेही तेच. तुमचे निम्मे रविवार असे बदलतील, हे आत्ताच धरून चाला.

[१०:०२] अप्पा ए-३०१: लिफ्टचा विषय अजून तसाच आहे.

[१०:१५] बापू सी-१०१: दादा, वहिनी, एक सांगू का. आत्ता घेऊ नका. लहान पिल्लाला इथला पहिलाच उन्हाळा कशाला? पाऊस पडू द्या. तोवर एप्रिलभर रोज पहाटे सव्वापाचला माझ्या वाघ्याला न्या. माझा गुडघा तसाही बोलतो. तीन किलोमीटर, पुढे नको. एक दिवस तुम्ही, एक दिवस वहिनी. रात्री बाराला झोपलात तरी, पाहुणे आले तरी. वाघ्या पाचलाच दाराशी उभा असतो, तुम्ही चुकलात की मला लगेच कळेल. महिना निघाला तर जूनमध्ये मी स्वतः तुमच्यासोबत पिल्लू बघायला येतो. नाही निघाला तर कुठलीच जात तुम्हाला पुरायची नाही.

[१०:२१] दादा बी-४०३: मान्य. १ तारखेपर्यंत कशाला थांबायचं, उद्यापासूनच येतो.

[१०:२२] वहिनी बी-४०३: उद्या मी. सोमवारी हे.

[१०:२३] ताई बी-२०२: हे बरं झालं. मला मदत लागली तर सांगा, ड्युटी नसेल त्या दिवशी मी नेईन.

[१०:२५] नाना सेक्रेटरी: विषय संपला असे समजतो. मेंटेनन्सचे स्मरण ठेवावे. आबा, बोलेरो.

[१०:४०] काकू ए-१०२: पहाटे जाताना गेट हळू लावा. आणि येताना वाघ्याला आमच्या नळापाशी थांबवा. माठातलं पाणी ठेवते मी, पसरट भांड्यात.