वक्तृत्व स्पर्धेत मुलांचे हात का बांधता?

गिरगावकर: दादरला एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षक होतो. सातवीतली मुलगी छान बोलत होती. विंगेतून बाईंनी खुणावलं, ‘हात मागे!’ मुलीने हात मागे घेतले आणि पुढची दोन वाक्यं सपाट झाली. हात हलवणं हा अवगुण नाही, बोलण्याचाच भाग आहे. 2020 मध्ये संशोधक विम पाऊ आणि सहकाऱ्यांचा यावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांनी एकच स्वर धरून हात हलवले. हाताच्या झटक्याने छातीचे स्नायू ताणले जातात, श्वासाचा दाब बदलतो, आवाज चढतो. नुसता आवाज ऐकणाऱ्यांनाही हात कधी हलतोय ते कळत होतं.

परळच्या बाई: दादा, मी अशा मुलांची तयारी करून घेते. लोकलमध्ये एका हातात कडी, दुसऱ्यात पिशवी, तरी बायका कडाकडा भांडतातच ना? स्टेजवर हात मोकळे सोडले की मुलं ‘सूर्य’ म्हणताना बोट वर नेतात, ‘हृदय’ म्हणताना हात छातीवर. पाठ केलेले हातवारे ते. त्यापेक्षा हात स्थिर बरे.

मुलुंडचा वाचक: पाठ केलेले हातवारे आणि आपसूक येणारे, यांत फरक आहे, ताई. जन्मांध माणसंही बोलताना हात हलवतात, समोरचाही अंध असला तरी. 1998 मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आलंय. त्यांनी ते कुणाचं बघून उचललं? दादर स्टेशनवर कुणाला फूलबाजाराचा रस्ता सांगून बघा, हात खिशात ठेवून. 1996 च्या एका प्रयोगात हात रोखल्यावर जागा-दिशांबद्दल बोलताना लोक जास्त अडखळले.

परळच्या बाई: नंतरच्या काही प्रयोगांत तसं आढळलेलं नाही, हेही लिहा की.

वाचा-उपचारक, ठाणे: बाईंचं बरोबर आहे, तो मुद्दा अजून वादात आहे. पण बोलणं ही मुळात हालचालच. जीभ, ओठ, जबडा, स्वरतंतू, श्वासाचे स्नायू, सगळे एका तालात लागतात. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, हालचाली मंदावतात तसा कित्येकांचा आवाजही बारीक आणि एकसुरी होतो. शब्द आठवत असतात, जोर लागत नाही. मुलांना ताठ उभं करून खणखणीत आवाज मागू नका.

परळच्या बाई: मग आधी गुणपत्रिकेतला ‘हावभाव’ हा रकाना काढा. त्या गुणांसाठीच तर आम्ही हात बसवून घेतो.

गिरगावकर: रकाना काढायला माझी हरकत नाही. पण ‘हात मागे’ ही सूचनाही त्याबरोबरच जायला हवी.