मदत हवी आहे: एकाच गायिकेचे पाच कार्यक्रम – पुणे, सांगली, कोल्हापूर, धारवाड, पणजी (दादरहून, रेल्वेने)

मंद्रपंचम
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये माझ्या आवडत्या ख्यालगायिकेचे नऊ दिवसांत पाच कार्यक्रम आहेत. शनिवारी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव, सोमवारी सांगली, बुधवारी कोल्हापूर, शुक्रवारी धारवाड आणि रविवारी पणजी. पाचही ऐकायचेच आहेत. सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. स्वतःची गाडी नाही. रेल्वे बरी पडेल, थोडा प्रवास एसटीने चालेल.

मुक्काम कुठे कुठे करावा? कोल्हापूर ते धारवाड आणि धारवाड ते पणजी हे दोन टप्पे कसे करावेत? मधल्या दिवसांत गाण्याशी नातं असलेलं काय बघता येईल? आणि घरच्या तंबोऱ्याची जवारी (तारांची गुंज) बिघडली आहे. मिरजेवरून जातोच आहोत तर तो सोबत न्यावा का?

गाडीक्रमांक
आधी तिकिटांचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस सोडून मागे मोजा आणि प्रत्येक टप्प्याचं तिकीट त्या त्या दिवशी सकाळी काढा. सगळी एकदम काढता येणार नाहीत, कारण शेवटच्या टप्प्याची तारीख दहा दिवस उशिरा उघडते. कार्यक्रमाची तारीख सरकली तर तोटा किती, हेही बघून ठेवा. कन्फर्म तिकीट बरंच आधी रद्द केलं तर एसीला माणशी ठरावीक रक्कम आणि वर जीएसटी कापतात. सुटण्याची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते, आणि शेवटच्या काही तासांत काहीच परत मिळत नाही. कन्फर्म तत्काळवर काहीच परत मिळत नाही, म्हणून या दौऱ्यासाठी तत्काळच्या भरवशावर राहू नका.

दादर–पुणे शुक्रवारीच करा. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी ५:१०ला सुटते आणि दादरला थांबते. शनिवारी सकाळी निघायचं म्हटलं तर घाटात गाडी तासभर रखडली की पहिलं गाणं गेलं.

रविवारी पुणे–मिरज कोयना एक्स्प्रेसने. ती सीएसएमटीहून सकाळी सुटते, पुण्यात दुपारी येते आणि संध्याकाळी मिरजेला सोडते. पुण्याहून जागा मिळत नसेल तर तिकीट मुंबईपासून काढा आणि चढण्याचं स्टेशन पुणे करून घ्या. सुरुवातीच्या स्टेशनचा कोटा मोठा असतो. हा बदल चार्ट लागण्याच्या बराच आधी करा. तो न करता थेट पुण्यात चढलात तर टीसी मधल्या वेळात ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो. पुणे–कोल्हापूर वंदे भारतही मिरजेवरून जाते, पण ठरावीक वारीच धावते, त्यामुळे वार जुळतो का ते आधी बघा.

या टप्प्याला बस नको. साताऱ्यापासून पुढे कागलपर्यंत महामार्ग रुंदीकरणाचं काम रेंगाळलं आहे. वळणरस्ते आणि खड्डे यांत दुखरे गुडघे सहा तास अडकवू नयेत.

बैठकीतला
सवाईबद्दल. मैदान मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाचं. पुणे स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून स्वारगेट आणि पुढे रिक्षा. आईंसाठी खुर्चीचंच तिकीट घ्या. भारतीय बैठकीत सहा-सात तास मांडी घालून बसणं त्यांना झेपणार नाही, आणि मंडप उघडा असल्याने रात्री आठनंतर जमिनीचा गारवा वर येतो. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि कमरेमागे घ्यायला लहान उशी न्या.

उघड्या जागेत लाउडस्पीकर रात्री १०ला बंद करावा लागतो. शासन वर्षातून मोजके दिवस १२पर्यंत सवलत देतं. शनिवारी ती असेल तर जाहीर होतं. त्या दिवसाचा क्रम आयोजक सांगतात तो नीट बघा, कारण तुमच्या गायिका दुसऱ्या की चौथ्या यावर तुमच्या जेवणाची वेळ ठरते. बंद सभागृहाला १०ची मर्यादा लागत नाही, म्हणून सांगली-कोल्हापूरला शेवटची भैरवी लांबू शकते. परतीची रिक्षा आधीच ठरवून त्याचा नंबर घेऊन ठेवा.

मोठ्या महोत्सवात एकेका कलाकाराला तासाभराच्या आसपास मिळतं. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, खऱ्या अर्थाने उलगडतं ते सांगली-धारवाडसारख्या छोट्या सभांमध्ये. पाचांतला एखादा गाळावाच लागला तर पुणे गाळा, धारवाड नाही.

सतारगल्ली
मुक्काम मिरजेत करा, सांगलीत नको. रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री एकाच खोलीत. सांगली-मिरज अंतर १० किमीच आहे. कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या सिटी बसची वाट बघत बसू नका, रिक्षाच करा. खोली स्टेशनच्या बाजूला आणि तळमजल्याची मागा. बऱ्याच लॉजना लिफ्ट नसते.

सोमवारी सकाळी ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याकडे जा. आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली मद्रासकडच्या दौऱ्यात सिंगपेरुमाळकोविल स्टेशनवर ते गेले आणि त्यांना इथे आणून दफन केलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. म्हणजे शनिवारी ज्यांच्या नावाच्या महोत्सवात बसाल, त्यांच्या गुरूंपाशी सोमवारी पोचाल. डोकं झाकायला रुमाल किंवा पदर असू द्या.

तिथून जवळच सतारमेकरांची दुकानं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सकाळी ११नंतर गेलात तर काम चालू दिसतं: वाळवलेले भोपळे, तुणाच्या लाकडाच्या तबल्या (भोपळ्यावरचं पातळ झाकण), दांडीत बसवायच्या खुंट्या. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. काम बघायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त पॉलिश चालू असेल तर हात लावू नका.

तंबोऱ्याचं नीट ठरवा. जवारी काढणं म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानसून त्याला पुन्हा बारीक उतार देणं. तारा घासून घासून तिथे चरे पडतात, मग तार एका जागी टेकते आणि आवाज मुका होतो, किंवा नुसती झणझण येते. काम काही तासांचं, पण कारागिराला तुमची पट्टी (गाण्याचा आधारसूर) कळली पाहिजे. काळी चारला लावलेली जवारी पांढरी एकला उतरवली की खुलत नाही, कारण ताण बदलला की तार घोडीवर वेगळी बसते. म्हणून पट्टी आणि तारांचे गेज चिठ्ठीवर लिहून खुंट्यांपाशी बांधा. काम झाल्यावर स्वतः पाच मिनिटं छेडून बघा. जोडीच्या दोन्ही तारा एकसारख्या बोलतात का, खर्जाची तार गुंजते का, आणि तार व घोडीमधला दोरा अर्धा मिलिमीटर सरकवल्यावर फरक पडतो का. फरकच पडत नसेल तर घोडीचा उतार चुकलाय, तिथेच सांगा. मुंबईच्या दमट हवेत तबली किंचित फुगते, तेव्हा घरी गेल्यावर दोरा पुन्हा थोडा हलवावा लागेल. त्याला जवारी बिघडली असं समजू नका.

पण हा तंबोरा पुढे कोल्हापूर, धारवाड, पणजी असा फिरवू नका. मिरजेपर्यंत न्या, सोमवारी द्या, मंगळवारी तपासा आणि त्यांच्याकडूनच लाकडी पेटीत पार्सल करून घरी पाठवा. पाठवण्याआधी तारा सैल करा, पूर्ण काढू नका. मिरजेपर्यंतच्या गाडीत तो वरच्या बर्थवर आडवा ठेवा आणि भोपळ्याखाली चादर घाला. सीटखाली सरकवलात तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा भोपळ्याला लागतात, आणि तडा तिथेच जातो.

मंद्रपंचम
मनापासून आभार. मंगळवार मग मोकळाच राहतो. आणि कोल्हापूरसाठी मिरजेतूनच जाऊन-येऊन करावं का?

पंचगंगा_काठ
नको. कोल्हापूर-मिरज साधारण ५० किमी आहे, रात्री साडेअकराला सभागृहातून बाहेर पडलात की सोयीची गाडी नाही. बुधवारची एक रात्र कोल्हापुरातच काढा. मी तर म्हणेन मंगळवारपासूनच कोल्हापूर. अंबाबाई, पन्हाळा, १८८३ पासूनचा देवल क्लब, आणि अल्लादियाखाँसाहेब दरबार गायक होते ते गाव. मिरजेत तीन रात्री जास्त होतात.

सभागृह कोणतं हे तिकिटावर नीट वाचा. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली, त्यानंतर तिथले कार्यक्रम दुसरीकडे होऊ लागले. जुन्या सवयीने रिक्षावाल्याला ते नाव सांगू नका.

सतारगल्ली
पन्हाळा गुडघेदुखीला सोसणारा नाही, चढ-उतार आणि दगडी पायऱ्या आहेत. मंगळवारी खिद्रापूर करा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आणि वर आकाशाकडे उघडा गोल. मंदिर सपाटीवर आहे, फिरायला त्रास नाही. एसटीने कुरुंदवाडपर्यंत सहज जाता येतं, पुढे खिद्रापूरच्या फेऱ्या मोजक्या. त्यामुळे मिरजेतूनच अर्ध्या दिवसाची गाडी ठरवा, भाडं जाऊन-येऊन आणि थांब्यासकट बोला. वाटेत नृसिंहवाडी होते. पादुका घाटाच्या पायऱ्या उतरून खाली आहेत, आईंना जमत नसेल तर वरून दर्शन घ्या. कवठाची बर्फी घ्या, बासुंदी मात्र प्रवासात टिकत नाही, तिथेच खा. दुपारी तीनपर्यंत मिरजेत, तंबोरा तपासायला वेळ उरतो.

लोंढामार्गे
या दौऱ्यातला नाजूक टप्पा कोल्हापूर–धारवाड आहे. नकाशावर महामार्ग सरळ दिसतो, कोल्हापूर ते बेळगाव जेमतेम ११० किमी. पण डिसेंबरमध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. सीमाप्रश्नावर आंदोलन झालं की दोन्हीकडच्या बस हद्दीवर थांबवतात, आणि हे सकाळी निघताना कळेलच असं नाही. शिवाय त्या दिवसांत बेळगाव, धारवाड, हुबळीतल्या चांगल्या खोल्या अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी भरलेल्या असतात. धारवाडची खोली तिकिटाआधी धरा.

म्हणून रेल्वेच. गुरुवारी सकाळी कोल्हापूरहून मिरज, सामान क्लोकरूममध्ये, जेवण, आणि दुपारनंतर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. बेळगाव, लोंढा करत रात्री धारवाड. दादरहून रात्री सुटणारी चालुक्य किंवा शरावतीसुद्धा याच मार्गाने जाते, पण ती मिरजेला पहाटे येते. आदल्या रात्री कोल्हापुरात भैरवीपर्यंत बसणाऱ्यांच्या ती उपयोगाची नाही. धारवाडलाच उतरा, हुबळी २० किमी पुढे राहते.

शुक्रवारी सकाळी धारवाडमध्ये मल्लिकार्जुन मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ हे घर, आता स्मारक आहे. जाण्याआधी फोन करून उघडं असल्याची खात्री करा. दोघींना उत्साह असेल तर त्याऐवजी कुंदगोळही होतं. धारवाड–हुबळी चिगरी बस वेगळ्या मार्गिकेतून धावते, हुबळीहून पुढे २० किमीच्या आसपास. सवाई गंधर्वांचं गाव, त्यांचं स्मारक आणि नाडगीर वाडा तिथे आहे. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने इथे शिकायला येत. सकाळी ८ला निघून दुपारी २पर्यंत परत या, म्हणजे संध्याकाळच्या आधी आडवं पडता येईल. कंडक्टरशी हिंदीत बोललं तरी चालतं, पण बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. ‘कुंदगोळ’ कन्नड अक्षरांत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा.

धारवाडला बऱ्याच सभांना प्रवेश विनामूल्य असतो आणि त्या वेळेवर सुरू होतात. अर्धा तास आधी गेलं तर पुढची खुर्ची मिळते.

मांडवीपार
धारवाड–पणजी शनिवारी सकाळच्या बसने. गाड्या अनमोड घाटाने किंवा बेळगाव-चोर्लामार्गे जातात, चार ते पाच तास धरा. आईंना घाटात मळमळत असेल तर पुढची सीट आणि हलका नाश्ता. रेल्वेने दूधसागर दिसतो खरा, पण त्या मार्गावर गाड्या कमी आणि बेभरवशाच्या. रविवारी कार्यक्रम असताना हा धोका घेऊ नये.

कार्यक्रम कला अकादमीत असेल तर मोठ्या सभागृहाचं नाव दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. दीनानाथांचं मंगेशी गाव सोमवारी सकाळी करा. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी बघा असंही कोणी सुचवेल, पण ते साळावली धरणात आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच दिसतं. डिसेंबरमध्ये जाऊन फक्त जलाशय दिसेल.

परतीला सोमवारी संध्याकाळची कोकणकन्या, करमळीहून चढा. पणजीपासून करमळी १२ किमीच्या आत आहे, मडगाव ३३. वंदे भारत करमळीला थांबत नाही, तिच्यासाठी थिवी गाठावं लागतं. कोकणकन्या पहाटे दादरला थांबते. डिसेंबरमध्ये गोव्याच्या गाड्या आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत भरतात, म्हणून हे तिकीट सकाळी ८च्या ठोक्याला काढा, आईंसाठी लोअर बर्थ टाकून.

मंद्रपंचम
मंगळवारी मिरज आणि खिद्रापूर, बुधवारी कोल्हापूर असं नक्की करते. धारवाडच्या खोलीसाठी आजच फोन लावते. एकच राहिलं: रेकॉर्डिंगचं काय? आईला घरी पुन्हा ऐकायचं असतं.

बैठकीतला
आयोजक परवानगी देत नाहीत, आणि मागूही नका. फोन वर धरला की मागच्या माणसाचं गाणं जातं. त्याऐवजी लहान वही न्या: राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, लय, साथीदार. मध्यंतरात लिहा, गाणं चालू असताना नाही. पाच बैठकांनंतर एकच राग त्यांनी दोनदा कसा मांडला हे वहीतून समोर येईल. आणि सांगली, धारवाडच्या आयोजकांना आताच पत्र लिहून मुंबईहून येत असल्याचं कळवा. ज्येष्ठांसाठी ते पहिल्या रांगेत जागा ठेवतात, फक्त नाव आधी लागतं.