शहाबादी अंगण पांढरं पडलंय, लॅकर मारू का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार. गेल्या दिवाळीआधी पुढच्या अंगणात शहाबादी घातली, साधारण ४०० चौरस फूट. मशिनने घासल्यावर असा निळसर करडा रंग उठला होता की आई आठवडाभर कुणाला चप्पल घालून फिरकू देत नव्हती. सिमेंटचे डाग राहिले होते, म्हणून शेवटच्या दिवशी कामगाराने ऍसिड ओतून खराट्याने घासलं. फेस आला, डाग गेले. पण वाळल्यावर फरशी खरखरीत आणि निस्तेज झाली.

उन्हाळ्यापासून सांध्यांच्या कडेने पांढरी पूड फुटतेय. धुतली की जाते, दोन दिवसांत परत हजर. धुतो बोअरच्या पाण्याने, नळाला चार-पाच दिवसांआड येतं. तुळशीपाशी पणतीच्या तेलाचा काळा डाग आहे तो वेगळाच. आता एक जण म्हणतो, लॅकर मारा, ओल्या दगडासारखी चमकेल. खर्चाची तयारी आहे, पण पुन्हा चूक नको. त्या पांढऱ्यावर आईची रांगोळी उठूनच दिसत नाही, रोज बघवत नाही.

फरशीकाम३०वर्षं

दादा, लॅकर अजिबात नको.

शहाबादी म्हणजे चुनखडक. ऍसिड पडल्यावर फेस आला ना, तो मळाचा नव्हता, तुमचा दगडच विरघळत होता. सिमेंट निघालं, त्याबरोबर घासाईही गेली. वर ऍसिड नीट धुतलं नसेल तर जो क्षार उरतो तो हवेतली ओल ओढतो. आमच्या धंद्यात आजही ही सवय सुटत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पांढरी पूड म्हणजे खार. खालच्या सिमेंटमधले आणि बोअरच्या पाण्यातले क्षार ओलीबरोबर वर येतात, आपल्याकडच्या उन्हात पाणी उडून जातं, क्षार राहतो. तुम्ही धुता तेव्हा तोच विरघळून पुन्हा दगडात शिरतो. वरून लॅकरचा पापुद्रा बसवला तर ओल आत कोंडणार, खार त्याच्याखाली फुटणार आणि मे महिन्यात पोपडे निघणार. मग ते खरवडणं म्हणजे दुप्पट काम.

धुणं बंद करा. कोरड्या ब्रशने झाडून पूड भरून बाहेर टाका, पाच-सहा आठवडे तरी. अंगणाला ढाळ बाहेर आहे का, कुंड्यांचं पाणी मुरतंय का, हेही बघा. खार थांबला की मशिनने बारीक दगडाची घासाई करून घ्या, रंग परत येईल. आरशासारखं पॉलिश मागू नका. उघड्यावर टिकत नाही आणि पावसात पाय घसरतो. सगळ्यात शेवटी, हवंच असेल तर, दगडात मुरणारं आणि वाफ बाहेर सोडणारं सीलर. कोपऱ्यातल्या एका फरशीवर आधी लावून बघा.

अक्कलकोटरोड_सून

तेलाच्या डागासाठी: खायचा सोडा आणि भांड्याचा साधा साबण, घट्ट लगदा करून जाड थापा, वर प्लास्टिक, रात्रभर. सकाळी प्लास्टिक काढा, लगदा पूर्ण वाळू द्या, मग खरवडा. माझ्या देवघरापुढच्या फरशीला चार वेळा करावं लागलं, दर वेळी थोडा फिका झाला. लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लावू नका, तिथेच पांढरा चट्टा पडतो. सासूबाईंनी पितांबरी लावून पाहिली होती, तो चट्टा अजून आहे.

जुळेसोलापूरकर

मिस्त्रीकाका, ताई, मनापासून आभार. ओल खरंच आहे का, हे कसं ओळखायचं?

फरशीकाम३०वर्षं

हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा दगड काळसर दिसला की ओल आहे.

जुळेसोलापूरकर

काल तीन ठिकाणी लावलं. गेटपाशी कोरडं. तुळशीजवळ आणि कुंड्यांच्या रांगेत आतून थेंब. लॅकरवाल्याला नको म्हणून कळवलं. कुंड्या आज आईने स्वतः उभं राहून गच्चीवर हलवून घेतल्या.