महामारीत बंदुकांची दुकानं ‘अत्यावश्यक’ कशी काय?

सई_पुणे
मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे अमेरिकेत शाळा, सलून, जिम, थिएटरं सगळ्यांना टाळं लागलं. बंदुकांच्या दुकानांवरून मात्र राज्याराज्यांत जुंपली. लॉस एंजेलिस काउंटीचे (जिल्ह्याचे) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, ॲलेक्स व्हिलानुएवा यांनी ती बंद करायला सांगितली. 28 मार्चला केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने अत्यावश्यक कामगारांच्या यादीत बंदूक विक्रेते घातले आणि दोन दिवसांत शेरीफ मागे हटले. ती यादी नुसता सल्ला होती, सक्ती नव्हे! न्यू जर्सी राज्यानेही तेव्हाच दुकानांवरची बंदी मागे घेतली. माझ्या मते हे साफ चुकलं. त्या एका महिन्यात एफबीआयच्या यंत्रणेत बंदूक घेणाऱ्यांच्या पूर्वेतिहासाच्या 37 लाखांवर तपासण्या झाल्या, तोवरचा उच्चांक. माणसं घाबरलेली असताना त्यांच्या हाती शस्त्र सोपवायची घाई कशाला?

विक्रांत_एडिसन
सई, तुमची काळजी कळते, पण इथे अमेरिकेत व्यवहार कसा चालतो तेही बघा. बंदूक ऑनलाइन मागवली तरी ती विक्रेत्याकडून थेट घरी येत नाही. ती परवानाधारक दुकानात येते. तिथे स्वतः जायचं, ओळखपत्र दाखवायचं, 4473 नंबरचा फॉर्म भरायचा आणि तपासणीचा निरोप येईपर्यंत थांबायचं. कॅलिफोर्नियात वर दहा दिवसांची सक्तीची प्रतीक्षा, आणि गोळ्या घ्यायच्या तरी समोरासमोर तपासणी. दुकानाला टाळं लावलंत की कायद्याने चालणाऱ्याची वाटच बंद होते. कॅलिफोर्नियातल्याच व्हेंचुरा काउंटीत दुकानं 48 दिवस बंद होती.
तेव्हा आशियाई चेहऱ्याच्या लोकांवर रस्त्यात हल्ले होत होते. त्यांच्यातले कित्येक आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घ्यायला गेले. त्यांना काय सांगणार, साथ संपेपर्यंत थांबा?

डॉ_अंजली
भीती खरी होती, मान्य. पण साथ ओसरली तरी बंदूक कपाटातच राहते. 2020 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 45,222 माणसं गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या पेशंटला वाचवायला डॉक्टरच्या हातात थोडा तरी वेळ असतो. बंदुकीत तो बहुतेकदा नसतोच. एकटेपणा, गेलेली नोकरी आणि घरात नवी बंदूक, हे सगळं एकत्र आलं की मला धास्ती वाटते.

विक्रांत_एडिसन
डॉक्टर, अमेरिकेतल्या एकूण आत्महत्या 2020 मध्ये आदल्या वर्षापेक्षा किंचित कमी झाल्या, हेही सांगायला हवं. शिवाय गर्दी टाळायला टाळंच हवं असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मे महिन्यात न्यायाधीश डग्लस वुडलॉक यांनी वेळ ठरवून, तासाला चारच गिऱ्हाईक अशा अटींवर दुकानं उघडायला लावली. केंद्राने दुकानाच्या खिडकीतून व्यवहार करायलाही मुभा दिली होती.

डॉ_अंजली
एकूण कमी झाल्या, पण बंदुकीने झालेल्या थोड्या वाढल्या. माझा मुद्दा तोच आहे.

सई_पुणे
वुडलॉक यांच्या अटी मला पटतात, तेवढ्यापुरती मी टाळ्याचा हट्ट सोडते. पण त्या अटींनी विषाणू रोखला, घाईची खरेदी नाही. तीन कामकाजी दिवसांत तपासणीचा निकाल आला नाही तर विक्रेता बंदूक देऊ शकतो, असा केंद्राचा नियम आहे. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक याच फटीतून मिळाली. एवढ्या तपासण्या तुंबल्यावर ही फट आणखी रुंद होणार. साथीपुरती ही मुदत थांबवायला तुमची हरकत आहे का?

विक्रांत_एडिसन
आहे. तपासणारं कार्यालयच बंद पडलं तर निकाल कधी येणार? मुदत नसेल तर एकही आदेश न काढता बंदूक बाळगण्याचा घटनेतला हक्क गोठवता येतो. नवव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्राच्या अपील न्यायालयाच्या, तीन न्यायाधीशांनी जानेवारी 2022 मध्ये व्हेंचुराची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. मोठ्या पीठाकडे गेल्यावर तो निकाल बाजूला पडला, पण त्यातली ही भीती मला रास्त वाटते. तपासणीला माणसं वाढवा, हवं तर तीनाचे दहा दिवस करा, त्याला माझा पाठिंबा. बिनमुदत थांबायला नाही.

सई_पुणे
दहा दिवस मला चालतील. पण ते फक्त साथीपुरते का? चार्ल्सटनला कुठली साथ नव्हती.