मदत हवी आहे : द्विमान रूपांतरात बाक्या खालून वर का वाचायच्या, हे मुलांना कसे समजावावे?

नमस्कार. मी अकरावीच्या काही विद्यार्थ्यांना दशमान पूर्णांकांचे द्विमान रूपांतर, म्हणजे नेहमीची संख्या फक्त 0 आणि 1 या अंकांत लिहिणे, शिकवत आहे. संख्येला 2 ने भागत जायचे, भागाकार शून्य होईपर्यंत प्रत्येक बाकी लिहायची आणि शेवटी त्या बाक्या खालून वर वाचायच्या, ही रीत मुलांना पाठ झाली आहे. पण ‘खालून वर का?’ या एका मुलीच्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही, याची रुखरुख लागून राहिली आहे.

156 घेतल्यास बाक्या क्रमाने 0, 0, 1, 1, 1, 0, 0, 1 अशा येतात. उलट क्रमाने वाचल्यावर 10011100, म्हणजे 128 + 16 + 8 + 4, हे योग्य उत्तर मिळते. वरून खाली वाचले तर 00111001, म्हणजे 57 होतात. 347 ला 10 ने भागल्यावर पहिली बाकी 7 हा एककाचाच अंक असतो, हे उदाहरण मी दिले. ते मुलांना पटले, मात्र तोच विचार 2 च्या भागाकाराला लावताना ती अडखळतात.

आता चिंचोक्यांच्या जोड्या, मग जोड्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक टप्प्यावर सुटा उरणारा गट दाखवावा असे मनात आहे. हा प्रयोग कोणी वर्गात केला आहे का? की 128, 64, 32 असे 2 चे घात वजा करण्याची रीत आधी शिकवणे अधिक योग्य ठरेल? अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.